विमलाबाईंचं नाक

आमच्या सासूबाईंचं नाक हा म्हसरूळच्या आमच्या कॉलनीत मानाचा विषय होता. दिसायला ते काही विशेष नाही, जरा फताडंच म्हणायचं. पण भोंडल्याच्या दिवसांत त्या नाकाला जो भाव यायचा तो भल्याभल्या नाकांना आयुष्यात येत नाही.

नवरात्र बसलं की आमच्या बागेत भोंडला सुरू होतो. बाग म्हणजे काय, एक घसरगुंडी, दोन बाक आणि पावसाने माजलेलं गवत. आदल्या दिवशी गवत कापून घ्यायचं, मधोमध पाट मांडायचा, पाटावर रांगोळीचा हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. वर्षभर लिफ्टमध्ये एकमेकींना बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या बायका या दिवसांत एकमेकींचे घामेजलेले हात घट्ट धरून गातात. मला हे दिवस फार आवडतात. पाऊस थकलेला असतो पण गेलेला नसतो. चामर लेण्यांचा डोंगर अजून हिरवा असतो, आणि सकाळी तिकडे चालायला गेलं की तेरडा नि सोनकी ओंजळीने आणता येते. हत्तीची आरास त्याच फुलांची.

गाणी झाली की खिरापत. ज्या घरची पाळी, त्या घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन मधे उभी राहते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच आलं नाही तर करणारीचा मान, आलं तर ओळखणारीचा. आणि आमच्याकडे ओळखणारी म्हणजे आई, विमलाबाई. बाकीच्या डबा खडखडवून बघायच्या, गोड की तिखट म्हणून विचारायच्या, शिरा-उपमा-चिवडा अशा गोळ्या झाडायच्या. आई मात्र सगळ्यात शेवटी डबा मागून घ्यायच्या, झाकणाच्या फटीशी नाक न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "मुगाचे लाडू. पण मूग भाजताना फोन आला होता का गं तुला?" त्या बाईचा चेहरा असा व्हायचा की बस. तळमजल्यावरच्या भाग्यश्रीवहिनी तर म्हणायच्या, आजींना डबा द्यायचा म्हणजे दहावीचा निकाल घ्यायला गेल्यासारखं वाटतं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला आईंना ताप आला. चांगला खणखणीत, अंथरुणाला खिळवणारा. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाकातला वासही घेऊन गेला. मला हे कळलं ते असं, की मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा घरभर करपलेल्या दुधाचा धूर होता, आणि आई गॅसपासून दोन हातांवर शांतपणे शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"आई, दूध!" मी ओरडले.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत जी भीती होती ती मी त्यांच्याकडे कधी पाहिली नव्हती. बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीही येणार, थांबून बघू. आईंनी थांबायला सुरुवात केली ती सगळंच थांबवून. दर बुधवारी पंचवटीच्या बाजारात जाऊन कोथिंबिरीची एकेक जुडी हुंगून भाजीवाल्यांना जेरीस आणणारी बाई आता मी आणलेली भाजी नुसती निवडून ठेवायची. स्वयंपाकघरात पाऊल नाही. जेवायला बसायच्या ते कर्तव्य म्हणून. किशोरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा समजावलं, "आई, लोकांना सांगून टाक ना, त्यात लाजण्यासारखं काय आहे?" तर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग आम्हा दोघांना देवासमोर उभं करून शपथ घातली, की कॉलनीत याची वाच्यता करायची नाही.

नवरात्र जवळ आलं तसं मी भीत भीत विचारलं, "भोंडल्याला जायचं ना?"

"जाईन," त्या म्हणाल्या. "पण सांगून ठेवते. ज्या दिवशी मला खिरापत ओळखता येणार नाही, त्या दिवशी मी वर येईन ती येईन. पुन्हा खाली उतरणार नाही. कीव करायला बायका जमवायच्या नाहीत मला."

आई बोलतात ते करतात. बाबांशी पैज लावून एकदा सोडलेला चहा त्यांनी बाबा गेल्यावरही परत घेतला नाही. खाली उतरणं हे एवढं एकच त्यांचं शिल्लक राहिलं होतं, आणि तेही सुटलं तर ही बाई चार भिंतींत बसून वाळून जाईल, हे मला दिसत होतं. मला सासू आवडते. हे मोठ्याने सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, पण आवडते.

म्हणून मी लबाडी करायचं ठरवलं. दोन घरी एकच पदार्थ होऊ नये म्हणून सगळ्या जणी आपापली खिरापत मला आधी गुपचूप कळवतात. ती जबाबदारी गेली कित्येक वर्षं माझीच आहे. तेव्हा माहिती माझ्याकडे होतीच. आईंना मी खुणा शिकवल्या. कानाला हात लावला तर तिखट, बांगडी फिरवली तर गोड, केस सारखे केले तर वाफवलेलं, आणि पदराशी चाळा केला तर तळलेलं. आईंनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

पहिले काही दिवस झकास गेले. आई डबा नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या, पण आता एक डोळा जरासा उघडा असायचा. मी फेरात उभी राहून बांगड्या फिरवायचे. एकदा डासाने कानामागे चावा घेतला आणि मी खसाखसा कान खाजवला, तर डब्यात होता शिरा! आईंनी मात्र डबा हातात तोलला, जरासा हलवला आणि म्हणाल्या, "शिरा." मी मनातल्या मनात कुलदेवतेला नारळ कबूल केला.

मग मैनाची पाळी आली.

मैना भोये आमच्या कॉलनीत जूनमध्येच राहायला आली. हरसूलच्या पलीकडल्या पाड्यावरची, मखमलाबादच्या एका शाळेत शिक्षिका. नवरा चंदर सरकारी कचेरीत कारकून, आणि एक लहान मुलगी. भोंडला तिने कधी खेळलेला नव्हता. पहिल्या दिवशी म्हणाली, "आमच्याकडंही फेर धरतात ताई, पण त्यात गडीपण असतात." यावर भाग्यश्रीवहिनी म्हणाल्या, आमचे गडी फेर धरायचे म्हणजे आधी सोफ्यावरून उठायला हवेत. त्या हसण्यात मैना आमच्यातली होऊन गेली. तिने आपण होऊन खिरापतीची पाळी मागून घेतली.

पण मला कळवेना. मी दोनदा फोन केला. शेवटी पाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरीच गेले.

"ताई, सांगितलं तर मग लपवायचं काय?" ती म्हणाली.

"अगं, तेवढं माझ्यापुरतं. दोघींचं एकच व्हायला नको."

"माझं नाय होणार कुणासारखं," ती हसून म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, उघडच हेरगिरी करायला. ओट्यावर काही म्हणजे काही नव्हतं. फक्त एक कोपरभर लांब, पिवळी पडत चाललेली काकडी आणि पिठाचा एक डबा. तिची मुलगी त्या काकडीवरून हात फिरवत होती. "आई, आता तरी काप ना."

"नवं झाल्याशिवाय नाय," मैनाने तिला बाजूला केलं आणि मला सांगितलं, "दिरांनी गावावरून पाठवलीय. हळव्या, लवकर येणाऱ्या भाताचं नवं पीठही हाय. पण आमच्या घरी नवीन पिकलेलं असं उचलून तोंडात नाय टाकत. घरातलं म्हातारं माणूस पहिला घास खातं, मग बाकीची खातात. सासूबाई खायच्या. त्या चैत्रात गेल्या."

"मग आता?"

"आता बघायचं," ती म्हणाली.

मी "अरेरे" म्हटलं, चहा प्यायले आणि घरी आले. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष तिच्या फडताळावरच्या डब्यांकडे होतं. काकडीकडे मी ढुंकून पाहिलं नाही. काकडीची खिरापत कोण करतं?

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. हस्ताचा पाऊस केव्हाही येईल असं वाटत होतं, म्हणून कुणीतरी हत्तीवर छत्री धरली आणि आम्ही भराभरा गाणी उरकली. आई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांना ते कळलं की नाही, मला कळलं नाही.

मैना मोठा स्टीलचा डबा घेऊन मधे आली, मागोमाग तिची मुलगी. झाकण लावलेलं होतं तरी हळदीच्या पानांचा वास असा पसरला की फेरातल्या सगळ्या जणी एकदम ओरडल्या, "पातोळे!" भाग्यश्रीवहिनींचं माहेर रत्नागिरीचं. त्यांनी तर टाळ्याच वाजवल्या. "यात ओळखायचं काय, पातोळेच आहेत!"

"नाय," मैना म्हणाली.

"पातोळे नाहीत? मग हळदीच्या पानातले मोदक."

"नाय."

इडली झाली, पानगे झाले, ढोकळासुद्धा झाला. मैना प्रत्येक वेळी मान हलवत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. शेवटी सगळ्या माना आपोआप बाकाकडे वळल्या. आता विमलाबाई.

आईंनी डबा मांडीवर घेतला. सवयीने झाकणाच्या फटीशी नाक नेलं, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात होते तिथेच राहिले. ना कान, ना बांगडी, ना पदर. मला रडू यायला लागलं होतं आणि ते लपवायला मी खाली गवताकडे बघत राहिले.

आईंनी डबा हलवून पाहिला. आतून काहीच आवाज आला नाही.

"मला नाही ओळखता येत," आई म्हणाल्या.

"आजी, उगाच ताणू नका हं," भाग्यश्रीवहिनी म्हणाल्या.

"ताणत नाही. तापातून उठल्यापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. दूध करपलेलं कळत नाही, उदबत्ती लावलेली कळत नाही." आईंचा आवाज अगदी सरळ होता. "आणि हे इतके दिवस तुम्ही टाळ्या वाजवताय ना, त्या या माझ्या सुनेला वाजवा. ती मला खुणा करते. त्यातही निम्म्या चुकीच्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर परवडलं असतं. आईंनी डबा मैनाच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. "तुमचं चालू द्या. मी जाते वर."

मला ठाऊक होतं की त्या आता वर जातील त्या जातीलच. मी पुढे झाले, पण माझ्या आधी मैना त्यांच्या वाटेत उभी राहिली, डबा दोन्ही हातांत धरून.

"आजी, कुठं चाललात? तुमच्याशिवाय हा डबा उघडता यायचा नाय."

"का? ओळखता आलं नाही, म्हणजे तू जिंकलीस. उघड की."

"जिंकायचं राहू द्या. यात आमच्या शेतातलं नवं हाय. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस पहिला घास खातं, मगच बाकीच्यांनी शिवायचं. माझी सासू खायची. यंदा ती नाय. तिचं घर बंद हाय, धाकटे दीर वेगळे राहतात, आणि आमच्या दोघांच्या वर आता कुणीच मोठं उरलं नाय." मैनाचं बोलणं आता आणखीच गावाकडचं झालं होतं. "मी पाळी मागून घेतली ती याच्यासाठी. बागेत सगळ्यात मोठ्या तुम्हीच. पोरगी रोज विचारते, आई, कधी खायचं. तिला म्हटलं, आजी खातील तेव्हा."

आई जरा चिडूनच म्हणाल्या, "अगं, मी आत्ता काय सांगितलं ते ऐकलंस ना? मला वास नाही, चव धड नाही. तुझा एवढा मोलाचा पहिला घास माझ्या तोंडात घालून वाया कशाला घालवतेस? त्याला नाक लागतं."

"नवं खायला नाक नाय लागत, आजी," मैना म्हणाली. "वय लागतं."

पहिल्यांदा भाग्यश्रीवहिनींना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. मग आणखी कुणीतरी हसलं. आईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांच्या स्वतःच्याच ओठांचा कोपरा हलला. "वय म्हणतेस? ते मात्र भरपूर आहे," त्या म्हणाल्या आणि परत बाकावर बसल्या.

मैनाने झाकण उघडलं. हळदीच्या पानांच्या घड्या ओळीने लावलेल्या होत्या. तिने एक उचलली, पान सोडवलं आणि आतली तांबूस वडी पानासकट दोन्ही हातांनी आईंच्या पुढे धरली. आईंनी पदर सावरला. देवळात प्रसाद घेतात तशी ओंजळ पुढे केली.

त्यांनी अगदी हळू खाल्लं. आम्ही सगळ्या उभ्या होतो आणि वरून एखाद-दुसरा थेंब पडायला लागला होता, पण कुणी हललं नाही.

"मऊ आहे," आई म्हणाल्या. "गूळ आहे. गोड कळतं जिभेला, तेवढं शाबूत आहे. तांदळाचं पीठ." मग त्या थांबल्या. दाताखाली काहीतरी आलं होतं. त्यांनी ते जिभेने पुढे आणलं, चावून पाहिलं, आणि ताप येऊन गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर खाताना काहीतरी उमटलं. "हे बी आहे. काकडीचं. काकडी आहे का गं?"

"व्हय आजी, काकडी."

"पहिल्यांदाच खातेय मी ही अशी," आई म्हणाल्या, आणि पुढचा घास जरा मोठा घेतला.

मैना अजून तशीच उभी होती. "आजी, आता आम्ही खाऊ?" तिने विचारलं.

आईंना क्षणभर कळलंच नाही की ही खरोखर परवानगी मागते आहे. कळलं तेव्हा त्यांनी डब्यातली दुसरी वडी स्वतः उचलली, पान सोडवलं आणि मैनाच्या तोंडाशी नेली. "खा. खा गं माझी बाई. किती दिवस थांबलीस." मैनाने घास घेतला आणि तोंडात घास असतानाच तिला रडू आलं. सासू गेल्यावर ती रडली असेलच, पण हे बहुतेक राहून गेलं होतं. मग तिच्या मुलीने डब्यात हात घातला आणि आम्ही सगळ्यांनीच घातला.

"म्हणजे आजींनी ओळखलं!" भाग्यश्रीवहिनी भरल्या तोंडाने ओरडल्या.

"खाऊन ओळखलेलं धरत नाहीत," आई कडक आवाजात म्हणाल्या. "आजचा मान मैनाचा." एवढ्यात हत्तीचा पाऊस खरोखर कोसळला आणि आम्ही पाट, छत्री, डबा, आई, सगळं घेऊन जिन्याखाली पळालो. रांगोळीचा हत्ती पाटावरून वाहून गेला.

वर आल्यावर मी टॉवेलने आईंचे केस पुसून देत होते. बोलावं की नाही कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "आई, निम्म्या चुकीच्या खुणा म्हणालात ते काय?"

"शिऱ्याच्या दिवशी कान कुणी खाजवला?"

"डास होता. पण मग तुम्ही शिरा म्हणालात कसं?"

"डबा कलता केला तर एक जड गोळा सरकला. तिखटमिठाचं काय सरकतं असं?" त्या म्हणाल्या. मग माझा हात केसांवरून काढून आपल्या हातात धरला. "तू मात्र वेडी आहेस. माझ्यासाठी चारचौघांत माकडासारखी हातवारे करत उभी राहायचीस." त्यांनी हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.

त्या ठरावाचं काय झालं, पुन्हा खाली न उतरण्याच्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही. किशोरलाही मी डोळ्यांनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. पावसानंतरचं, धुतलेलं. मी ऑफिसातून जरा लवकरच आले. घरात आई नव्हत्या. देवघरात नाहीत, गॅलरीत नाहीत. मी तशीच पर्स खांद्याला घेऊन खाली धावले.

बागेत अजून कुणी आलेलं नव्हतं. गवत ओलं होतं. आई बाकावर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर रिकामी वाटी आणि चमचा घेऊन.

"आई! एवढ्या लवकर? भोंडल्याला अजून वेळ आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "भाग्यश्रीचा निरोप आला होता. आज तिची पाळी आहे. म्हणते, आजी, आधी तुम्ही खायचं, मग आम्ही." त्यांनी वाटी पदराला पुसली. "आता मीच नाही आले तर बाकीच्यांनी काय उपाशी राहायचं?"